दाबलं, सोडलं

३ मार्च

धाकटी जाऊ लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी मी आणि ती मागच्या अंगणात मोठ्या चादरींच्या घड्या घालायचो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटकायची, ताणायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. ती कायम एक पाऊल लवकर यायची, की चादर मध्येच पोटासारखी लोंबायची. मी म्हणायचे, "थांब गं, गाडी सुटतेय का तुझी?" आणि ती हसत मागे सरायची. रोजचंच होतं. यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही.

आज आठवलं, कारण आज मी चादरीचं एक टोक दाराच्या कडीला अडकवून एकटीने घडी घालत होते. नऊ वर्षं अशीच घालते आहे. कडी बोलत नाही आणि लवकरही येत नाही.

आता मुद्द्याचं. तांबडीचा ब्रेक गेला.

तांबडी म्हणजे आमची चार जाड चाकांची मोटरसायकल. चिरंजीव तिला एटीव्ही म्हणतात, आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा कर भरल्यासारखा होतो. ह्यांनी ती रोपवाटिकेतली रोपं खाली रस्त्यावर न्यायला घेतली होती. घरापासून रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर खडीचा उतार आहे आणि मध्ये एक वळण. आज त्या वळणावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला तर तो हँडलला जाऊन टेकला. मागचा ब्रेक तर कित्येक वर्षं नुसता नावाला आहे. मी तांबडी सरळ शेणखताच्या ढिगात घातली. ढीग माझाच होता, त्यामुळे कुणाची माफी मागावी लागली नाही. वर ढकलायला खालच्या वस्तीतली चार माणसं बोलवावी लागली आणि चौघांनी मिळून मला सहा सल्ले दिले.

४ मार्च

चौघांपैकी कुणीतरी चिरंजीवांना फोन केलाच.

"आई, बस झालं आता," चिरंजीव म्हणाले. "गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने डोंगरावर एकटं राहायचं, हा काय हट्ट?"

"मी एकटी नाही. भिंतीपलीकडे तुझी काकू आहे."

"तुम्ही दोघी बोलता का?"

"राहायला बोलावं कशाला लागतं?"

शेवटी त्यांनी निकाल दिला. अठरा तारखेला ते येणार. तांबडी त्यांच्या डोळ्यांसमोर उतारावर थांबली तर ठीक, नाही तर सामान बांधायचं. त्यांच्या घरी माझी खोली तयार आहे, खिडकी लिफ्टच्या बाजूला आहे. लिफ्टच्या बाजूला खिडकी कशाला ठेवतात, हे मला अजून कळलेलं नाही.

मग मेकॅनिकला फोन केला.

"मावशी, गाडी खाली आणा. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अहो, ब्रेक नाहीत तिला."

"मग सावकाश आणा."

या माणसाच्या हातात लोक आपले जीव देतात.

६ मार्च

मेकॅनिक वर येत नाही म्हणजे नाही. वर यायला त्याची कंबर दुखते, कंबर दाखवायला शहरात जायला मात्र दुखत नाही. त्याने दूधवाल्याबरोबर सामान पाठवलं: ब्रेकचे दोन नवे पाइप, तांब्याचे चार वॉशर, ब्रेक ऑइलचा डबा. आणि फोनवरून सगळी विद्या दोन मिनिटांत उरकली. जुने पाइप काढायचे, नवे बसवायचे, हँडलवरच्या छोट्या टाकीत ऑइल भरायचं, मग पाइपांतली हवा काढायची. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाजवळची बारीक तोटी पान्याने पाव फेरा उघडायची. ऑइल आणि हवा बाहेर आली की तोटी बंद करायची, मगच लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. त्या तोटीला तो जे म्हणतो ते मी या वहीत लिहिणार नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी मला इतकं तरी शिकवलं आहे.

"दोन माणसं लागतात, मावशी. एकट्याचं काम नाही हे," तो म्हणाला.

बघू.

८ मार्च

ओंडके लावून तांबडीचं पुढचं अंग उचललं. चाकं काढली. चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरतो तो कॅलिपर. तसे दोन आहेत, डावा आणि उजवा. दोन्ही उघडून घासूनपुसून चकाचक केले आणि वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडले. जुने पाइप इतके वाळले होते की वाकवल्यावर भेगा बोलायला लागल्या. ह्यांनी ते बघायला हवे होते. हे स्वतः नसले तरी बघायला हवे होते, असं मला पुष्कळ बाबतीत वाटतं.

शाळेत दर सोमवारी आमची नखं तपासायचे. आज मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

९ मार्च

कॅलिपर आणि चाकं परत चढवून नवे पाइप बसवले. पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंना एक एक तांब्याचा वॉशर, मग आवळायचं, पण जोर किती लावायचा त्याला हद्द आहे. वॉशर दाबला की तो त्या जागेचाच होतो, परत दुसरीकडे वापरायचा नाही. पाइप जुन्या क्लिपांतून नेले, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, टायरला घासत नाहीत. जरासे पिळवटल्यासारखे दिसतात खरे. पण नवी वस्तू आहे, जरा ताठ असणारच. वर्तमानपत्र मध्येच वाऱ्याने उडालं आणि कॅलिपर उचलून परत मांडावे लागले, तेवढा एक व्यत्यय. एरवी काम सुबक झालं.

ऑइल भरताना चार थेंब पेट्रोलच्या टाकीवर सांडले आणि लाल रंग फुगून आला. मेकॅनिकने हे सांगितलं नव्हतं. त्याने काय सांगितलं नाही याची वेगळी वही घालावी लागेल.

आता दुसरं माणूस. दूधवाला घाईत असतो. चिरंजीवांच्या हेरांना बोलवायचं नाही. राहता राहिली ती, भिंतीपलीकडची.

आमचा एक रिवाज आहे. दोन घरांत पाण्याची टाकी एकच, तिच्या झाकणावर एक चपटा दगड. काही कळवायचं असलं तर चिठ्ठी त्या दगडाखाली ठेवायची. "पंप बंद करावा." "गॅस येणार आहे." नऊ वर्षांत आमच्यात याहून लांब काही झालेलं नाही. माझं अक्षर शाळेतलं, गोल. तिचं हॉस्पिटलातलं, औषधाच्या दुकानदारालाच लागेल असं. तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत तिने, निवृत्त होताना मुख्य परिचारिका होती.

आज लिहिलं: "गाडीचा लिव्हर दाबायला एक माणूस हवं आहे. फक्त दोन शब्द बोलायचे, दाबलं आणि सोडलं. बाकी काही बोलू नये."

तासाभराने उत्तर: "येते."

१० मार्च

आली. पांढरी साडी, पदर खोचलेला, जशी काही शस्त्रक्रियेला आली. केस सगळे पांढरे झाले आहेत. मला माहीत होतं, भिंतीवरून दिसतात. जवळून जास्त पांढरे आहेत.

ती तांबडीच्या सीटवर, मी चाकाजवळ बुटक्या स्टुलावर. तोटीला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत.

"दाबलं."

मी तोटी उघडते, ऑइल येतं, बंद करते.

"सोडलं."

सत्तर वेळा. ऑइल येतं, लिव्हर मात्र मऊच. लोण्यात बोट जावं तसा आत जातो. सुरुवातीलाच ती वाकून चाकाजवळ बघायला लागली आणि तिने तोंड उघडलं. मी बोट वर केलं. तिने तोंड मिटलं. करार म्हणजे करार.

माझ्या मते ती लवकर सोडते. चादरीच्या वेळी लवकर यायची, आता लवकर सोडते. स्वभावाला औषध नाही हे नर्सला माहीत असायला हवं.

११ मार्च

परत नव्वद वेळा. परत लोणी. मी तिला काही बोलले नाही, फक्त मोठ्याने श्वास सोडला. तीही मोठ्याने श्वास सोडते, पण तो चढ चढून आल्यावर सोडतात तसा. तिच्या दारापासून शेडपर्यंत पन्नास पावलं आहेत. लोक स्वतःची प्रकृती किती बिघडू देतात!

ऑइलचा डबा अर्ध्यावर आला.

१२ मार्च

आज टाकीवर दगडाखाली चिठ्ठी नाही. दगडाशेजारी पेल्यात एक इंजेक्शनची सिरिंज उभी करून ठेवली आहे, सुई नसलेली, पाण्याने भरलेली, आत एक बुडबुडा.

टोमणा! मला इंजेक्शनची गरज आहे, असं तिला सुचवायचं आहे. कसलं, ते लिहायचं धाडस नाही. मी सिरिंज तिथेच ठेवली आणि आज कामाला बोलावलं नाही.

चिरंजीवांचा फोन. खोके मागवले आहेत म्हणे, चांगले जाड.

१३ मार्च

आज पेल्यात दोन सिरिंज. एकीचं तोंड वर, दुसरीचं खाली, टोपण लावलेलं. बाईला वेळ फार आहे.

या रागाच्या भरात एक गोष्ट लिहूनच टाकते. ती आणि मी का बोलत नाही, हे चिरंजीवांना वाटतं तसं नाही. घराच्या वाटणीचं काही नाही. हे गेले त्या दुपारचं आहे. जेवणानंतर ह्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. मी गार दूध दिलं. पित्त व्हायचंच त्यांना. ती दारात आली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, दादांना आत्ता खाली न्या. आत्ता." मी म्हणाले, "तुझं हॉस्पिटल तुझ्यापाशी ठेव. माझ्या घरात नर्सगिरी नको." ती गप्प झाली आणि दाराशीच उभी राहिली. पाऊण तासाने न्यायची वेळ आली तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला तिचा राग एवढाच आहे. तीस वर्षं ज्या बाईने माणसं जाताना बघितली, तिने एकदाच सांगायचं? ओरडायला नको? मला ढकलून आत यायला नको? एकदा सांगितलं आणि गप्प. याला मी क्षमा करू शकत नाही.

हे पहिल्यांदाच कागदावर लिहिलं. वाचून पाहिलं. परत वाचणार नाही.

१४ मार्च

सकाळी त्या दोन सिरिंज फेकून द्यायला उचलल्या. फेकण्याआधी रागाने तोंड वर असलेलीचा दट्ट्या दाबला. फुस्स झालं, बुडबुडा गेला, मग पाण्याची धार. खाली तोंड असलेलीचं टोपण काढून ती तशीच धरून दाबली. नुसतं पाणी. बुडबुडा वर दट्ट्यापाशी जाऊन बसलेला, ढिम्म. शेवटच्या थेंबापर्यंत पाणीच.

पेला तसाच टाकीवर ठेवला.

मग शेडमध्ये गेले. काठी टेकत, गुडघा म्हणेल तसं. दोन्ही कॅलिपरच्या तोट्या खाली जमिनीकडे बघत होत्या. वर्तमानपत्र उडालं तेव्हा डावा उजवीकडे आला आणि उजवा डावीकडे. मी बसवले उलटसुलट. बसतात तसे, तक्रार करत नाहीत, फक्त पाइप जरासे पिळवटतात. हवा वरच्या बाजूला बसून राहिली आणि मी तीन दिवस... नाही, दोन दिवस खालून ऑइल काढत होते.

विज्ञानात मला कायम ऐंशीच्या वर गुण होते. सिस्टर आज असत्या तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं असतं.

कॅलिपर बदलायचे तर पाइप सोडवावे लागणार, म्हणजे चार नवे वॉशर. मेकॅनिक म्हणाला, "परवा पाठवतो." त्याचा परवा मला माहीत आहे, तो पुढच्या महिन्यात येतो. दगडाखाली चिठ्ठी ठेवली: "तांब्याचे वॉशर नाहीत. काम बंद." सिरिंजबद्दल काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

१५ मार्च

धाकटी सकाळपासून घरात नाही. दाराला कुलूप. या वयात कुठे भटकते कोण जाणे. दुपारी तीन वाजता उतारावर ती दिसली, वळणावरच्या दगडावर बसलेली. पंधरा मिनिटं बसली, उठली, चार पावलं चालली, परत बसली. मला खिडकीत उभं राहून बघायची हौस नाही, पण झाडांना पाणी घालायची खिडकी तीच आहे.

साडेचारला टाकीवर दगडाखाली कागदाची पुडी. चार वॉशर. एक जास्तीचा, म्हणजे पाच.

दीड किलोमीटर खाली आणि दीड वर. कुणी सांगितलं होतं?

१६ मार्च

सकाळी कॅलिपरची अदलाबदल केली. पाइप सरळ, गुमान बसले. तोट्या आकाशाकडे. दहा वाजता तिला हाक मारली. चिठ्ठी नाही, हाक. भिंतीवरून. नऊ वर्षांत आवाज चिरकला आहे माझा.

"दाबलं."

पहिल्यांदा तोटी उघडली तेव्हा नळीतून बुडबुड्यांची माळच आली, फसफसत, थांबेचना. मी बंद केली.

"सोडलं."

अकरा वेळा डावीकडे, चौदा वेळा उजवीकडे. मग नळीत नुसतं सोनेरी ऑइल.

"दाबलं," ती म्हणाली. आणि मग, "वहिनी, घट्ट लागलं."

हे तीन शब्द करारात नव्हते.

मी पाना खाली ठेवला. "तुला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं."

"म्हणून गप्प बसायचं? मी काहीही सांगेन!"

ती लिव्हर दाबूनच बसली होती. म्हणाली, "सोडू का?"

"सोड."

"सोडलं."

आत जाऊन चहा टाकला. दोन कप टाकला, कारण भांडं मोठं आहे. तिने साखर घेतली नाही. पूर्वी दोन चमचे घ्यायची. कधीपासून बंद केली ते विचारायचं राहून गेलं.

१७ मार्च

तांबडी ओंडक्यांवरून खाली उतरवून आधी अंगणात, मग वळणापर्यंत. वळणावर दाबला. थांबली. परत सोडून दाबला. थांबली. इतकी थांबली की माझा चष्मा पुढे आला.

वर आले तर धाकटी फाटकाला टेकून उभी.

"मागचा, पायाचा ब्रेक लावलात का हो?"

"त्यात काही दम नाही."

"मग तोही करायला घ्या की. तोट्या कुठे आहेत ते आधी बघू."

आगाऊ आहे. तीस वर्षं नर्सना हुकूम सोडले आहेत, ते जातं कुठे.

१८ मार्च

चिरंजीव आले. गाडीतून आठ खोके काढून अंगणात मांडले, मोठ्यात छोटा, छोट्यात आणखी छोटा. मग हात कमरेवर ठेवून उभे राहिले, अगदी ह्यांच्यासारखे. फक्त हे असे उभे राहून कामाला लागायचे.

"कर सुरू, आई."

"तू वळणाच्या खाली जाऊन उभा राहा. रस्त्याच्या मधोमध."

"मधोमध?"

"भीती वाटते का?"

"तुझी नाही, गाडीची."

मी चावी फिरवली तर मागच्या सीटवर वजन आलं. धाकटी. पदर खोचलेला.

"काकू, तुम्ही कुठे?" चिरंजीव ओरडले.

"बसते की. हवा मी काढली आहे," ती म्हणाली.

अर्धी. अर्धी तिने काढली आहे. पण पोरासमोर मी काही बोलले नाही.

उतारावर तिने माझ्या खांद्याला धरलं. वळण आलं. चिरंजीव मधोमध उभे होते, पण एक पाय कडेला, पळायच्या तयारीत. मी लिव्हर दाबला. तांबडी त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबली. खडीचा एक खडा उडून त्यांच्या नडगीला लागला, तो ब्रेकचा दोष नाही.

चिरंजीवांनी वाकून चाक बघितलं, पाइप बघितले. त्यांना काहीही कळत नव्हतं, पण वाकून बघण्यात ते फार तयार आहेत.

"कुणी केलं हे?"

"आम्ही," धाकटी म्हणाली. मी म्हणायच्या आधी. हिला सगळ्याची घाई.

वर आल्यावर त्यांनी विचारलं, "आणि हे खोके?"

"राहू दे. रोपं ठेवायला बरे आहेत."

१९ मार्च

चिरंजीव गेले. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "आई, काकूंना सकाळी दम लागत होता." मला ते दिसलं नव्हतं अशातला भाग नाही. उद्या तिला तांबडीवर बसवून खाली डॉक्टरांकडे नेणार आहे. ती नको म्हणाली. मी एकदा सांगितलं, मग दुसऱ्यांदा, मग भिंतीवरून ओरडले. तयार झाली.

वय झालं आहे, तेव्हा काही गोष्टी लिहून ठेवते. घाई नाही, पण मी नसताना चिरंजीव नको तिथे वाकून बघतील आणि काहीही कुणालाही देतील.

भेगाळलेले दोन जुने पाइप शेडमधल्या खिळ्याला अडकवले आहेत. ते मेकॅनिकला द्यावेत, त्याने दुकानात टांगावेत. मेकॅनिकला त्याशिवाय काहीही देऊ नये.

आठ खोके चिरंजीवांना परत. सगळे भरून द्यावेत, ह्यांचे कपडे, पुस्तकं आणि हातोड्या घालून. हातोड्यांचं त्यांना काय करायचं ते त्यांनी ठरवावं. लिफ्टच्या खिडकीत ठेवाव्यात.

रोपवाटिकेतली रोपं खालच्या वस्तीतल्या त्या चौघांना, प्रत्येकी सारखी. सहा सल्ले दिले होते, ते त्यांनी रोपांना द्यावेत.

तांबडी धाकटीला. तिला चालवता येत नाही, उद्यापासून शिकवायला घेते. दहा नंबरचा पाना, पारदर्शक नळी आणि पाचवा वॉशर तांबडीच्या सीटखाली आहे.

मोठ्या चादरी धाकटीला. सहा आहेत. तिने त्या कडीला अडकवून घडी घालू नयेत, कुणाला तरी बोलवावं.

ही वहीही धाकटीलाच. तेरा तारखेचं पान फाडावं असं दोनदा मनात आलं, फाडलं नाही. तिने ते वाचावं. वाचून माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर म्हणावं, मोठ्याने, आणि एकदाच म्हणून थांबू नये. मी बोट वर करायला नसेन.